वेठ मोडली, आता यंत्र कोणाचं?



रोबोट हा शब्द आता पाड्यावरच्या पोरांनाही माहीत झालाय. पण तो आला कुठून, हे थोड्यांनाच ठाऊक. युरोपात चेक लोकांचा एक लेखक होता, कारेल चापेक. त्याने १९२० साली एक नाटक लिहिलं. त्यात कारखान्यात बनवलेली माणसं आहेत, फक्त राबण्यासाठी. त्यांना नाव काय द्यावं? त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, 'रोबोट' हे नाव सुचवलं. त्यांच्या भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करायचं काम. म्हणजे आपली वेठ!

वेठ काय असते हे आपल्या आज्या-आजोबांना नाटकातून शिकावं लागलं नाही. जमीनदाराने, सावकाराने माणसाचंच यंत्र केलं होतं. चापेकच्या नाटकात शेवटी रोबोट बंड करतात. आपल्याकडे ते जित्या माणसांनी केलं. १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी लाल बावट्याखाली, गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने, वेठ मोडली.

आता खरे रोबोट आलेत. गाड्यांच्या कारखान्यात लोखंडी हात वेल्डिंग करतो, रंग मारतो. आम्ही काय यंत्राचे वैरी नाही. तो धूर माणसाच्या छातीत जाण्यापेक्षा यंत्राने काम केलेलं बरंच. आमचा सवाल एवढाच, की त्यातून वाचलेला पैसा जातो कोणाच्या खिशात? मजुराच्या घरी तर येत नाही. सातपूर, अंबड, सिन्नरला ठेक्यावर गेलेल्या पोराला एक दिवस सांगतात, उद्यापासून येऊ नको. मग तो कुठे येतो? पाड्यावरच येतो, आईबापाच्या नागली-वरईच्या तुकड्यावर. तो तुकडा आहे म्हणून तो उपाशी मरत नाही. ज्याचा तुकडा गेला, तो द्राक्षाच्या बागेत नाही तर वीटभट्टीवर. म्हणून, नोकरी मिळेल या बोलीवर जमीन देऊ नका. नोकरी यंत्र घेऊन जाईल, जमीन परत कोण देणार?

दुसरी गोष्ट आपल्या कलेची. नाशिकच्या दुकानात जा. चादरीवर, कपावर, घड्याळावर, सगळीकडे वारली चित्र. तारपा नाच तर छापून छापून गुळगुळीत झालाय. कॉम्प्युटरमध्ये चित्र भरलं की मशीन शंभर पाट्या कापून देतं, शंभरही सारख्या. आता तर कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं तरी तो चित्र काढून देतो. ते शिकला कोणाकडून? आपल्यासारख्यांच्या हाताच्या चित्रांवरून. पण विचारलं कोणाला? कोणालाच नाही.

काही लोक म्हणतात, यात बिघडलं काय? कला जगभर गेली की! खरंय, गेली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. आपली बरीच पोरं-पोरी चित्रं विकून घर चालवतात, ते चांगलंच. पण चित्र आणि चौक यात फरक आहे. लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, मधोमध पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते. चौक लिहिला नाही तर लग्न लागत नाही. पीठ आपल्या शेताचं, गेरू आपल्या मातीचा, काडी आपल्या बांबूची. मशीन चौकासारखं चित्र छापेल, पण त्याच्यापुढे कोणाचं लग्न लागणार आहे?

शहरातले काही भले लोक उलटंच सांगतात. आदिवासींनी मशीनला हात लावू नये, जुनं तसंच ठेवावं म्हणे. म्हणजे आम्ही काचेच्या पेटीत बसायचं आणि त्यांनी तिकीट काढून बघायचं! हे बी नको. हे पत्रक सायक्लोस्टाइलवर निघतं. ते पण यंत्रच आहे. पण स्टेन्सिल आम्ही कापतो, हँडल आम्ही फिरवतो, काय छापायचं ते आम्ही ठरवतो. एवढाच फरक आहे, आणि तोच मोठा आहे.

मग करायचं काय? कायदा आपल्याकडे आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१). जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर गावाचा सामूहिक हक्क त्यात लिहिलाय. बांबू, मध, मेण हे गौण वनोपज म्हणून त्याच कायद्यात आहे. तारप्याला दुधी लागतो, बांबू लागतो, मेण लागतं. जंगलच हातातून गेलं तर तारपा वाजवणार कशावर? वारली चित्राला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण मानांकनाचा कागद स्वतः चालत बाजारात जात नाही. खोट्या मालावर बोट ठेवायला माणसं लागतात.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने ही कामं करावीत :

१. सामूहिक दाव्यात फक्त हेक्टर लिहू नका. चौकाची माती, तारप्याचा बांबू, देवाची जागा, बोहाड्याचं मैदान, सगळं लिहा.

२. आपली चित्रं, गाणी, सोंगं कोणी कंपनीने वापरायची तर आधी ग्रामसभेला विचारायचं आणि मोबदला गावाला द्यायचा, असा ठराव करा. ठरावाची नक्कल जपून ठेवा.

३. म्हाताऱ्या धवलेरींजवळ पोरींना बसवा. आणि त्याच पोरींना कॉम्प्युटर पण शिकवा.

हा ठराव येत्या ग्रामसभेत घ्या. बाया नसतील तर घेऊ नका, कारण चौक त्यांनी लिहिलाय.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!
जोहार!