मुलगा घरी येईपर्यंत: पालकांची भीती आणि पहिले 24 तास

इशाची नमाज होऊन तासभर झाला आणि पोरगा घरी आला नाही, की आपल्या घरांत फोन सुरू होतात. आधी अम्मीचा, मग अब्बूंचा. "कुठंयस? लवकर ये." तो वैतागतो, मित्रांबरोबर चहाच तर पितोय म्हणतो. लहान होता तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांची भीती वाटायची, बोट धरलं की ती जायची. सतरा-अठराच्या पोराचं बोट कोण धरणार?

ही भीती उगाच आहे असं कुणी म्हणू नये. 2 जून 2014 च्या रात्री पुण्यात हडपसरला नमाजहून परतणाऱ्या 28 वर्षांच्या आयटी अभियंत्याला जमावानं मारून टाकलं. ज्या फेसबुक पोस्टवरून वातावरण तापलं होतं, तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. जानेवारी 2023 मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला पोस्टच्याच कारणावरून मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. ऑगस्ट 2025 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात विशीतल्या मुलाला मारहाण करून ठार करण्यात आलं. आपल्या घरांत ही नावं आता सगळ्यांना पाठ आहेत.

यातून बहुतेक घरांनी एकच गोष्ट काढली: पोराला आवरा. टोपी खिशात ठेव, बसमध्ये फोनवर सलाम करू नकोस, कुणी नाव विचारलं तर आडनाव सांगू नकोस. असं सांगणाऱ्या आईला आम्ही दोष देणार नाही. पण हडपसरच्या त्या मुलाने काय टाळायला हवं होतं? मशिदीतून घरी येणं? आणि ज्या घरात फक्त "हे करू नको" ऐकू येतं, तिथला मुलगा अडचणीत आला की सर्वांत आधी घरापासूनच लपवतो.

कोल्हापूर आठवा. जून 2023 मध्ये काही मुलांनी ठेवलेल्या स्टेटसवरून शहर पेटलं. 7 जूनला बंद, दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. ज्यांच्या स्टेटसवरून कारवाई झाली त्यांत काही अल्पवयीन होते. दुसऱ्याला डिवचणारं स्टेटस ठेवणं चूकच, आपला दीनही ते शिकवत नाही. पण अशा मुलांच्या किती आईवडिलांना स्टेटस म्हणजे काय हे माहीत असतं? चोवीस तासांत ते आपोआप जातं ही पोरांची समजूत. तोवर स्क्रीनशॉट गावभर फिरलेला असतो.

हजरत याकूब अलैहिस्सलाम यांनाही यूसुफला भावांबरोबर पाठवताना लांडग्याची भीती वाटली होती. पुढे बाकीच्या मुलांना मिसरला पाठवताना त्यांनी सगळे एकाच दरवाज्यानं आत जाऊ नका अशी ताकीद दिली. म्हणजे भरवसा अल्लाहवर, पण मुलांना काय करायचं तेही नीट सांगितलं.

आपण काय सांगू शकतो? अठरा वर्षांखालील मुलाला पोलिसांनी नेलं तर बालन्याय कायदा 2015 लागू होतो. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. आईवडिलांना कळवावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. गुन्हा अजामीनपात्र असला तरी सहसा जामीन द्यायचा, असंच कायदा म्हणतो. मुलगा अठरा पूर्ण असेल तर गोष्ट वेगळी. पण पोस्टवरून सहसा लागणारी भारतीय न्याय संहितेची 196 आणि 299 ही कलमं एरवी तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची आहेत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक गरजेची नसेल तर नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं असतं. नोटीस आली तर वकिलासह हजर राहा, गावाला पळवू नका. घाबरून फोन फॉरमॅट करू नका, पुरावा नष्ट केल्याचा वेगळा ठपका येतो. अकाउंट दुसऱ्यानं वापरलं असेल तर त्याच दिवशी सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आता एक गोष्ट, जी आपल्या घरांत खास घडते. मुलाचं वय ठरवताना कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आधार कार्ड त्या यादीत नाही. आणि पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून सहा-आठ महिने वाढवून लिहिलेली जन्मतारीख आपल्याकडे किती घरांत आहे! सतरा वर्षांचा पोरगा कागदावर अठराचा असतो आणि थेट मोठ्यांच्या कोठडीत जातो. दाखला आणि शाळेची नोंद या आठवड्यात काढून जुळवून बघा. फरक असेल तर दहावीचा फॉर्म भरण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. नंतर दुरुस्ती फार अवघड जाते.

आणि मोहल्ल्याबद्दल. एखाद्याच्या पोराला रात्री उचललं की बाकीची घरं दिवे मालवतात. मित्रांचे पालक फोन उचलत नाहीत. सकाळी नेते येतात, फोटो काढून जातात. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली दोन वकिलांचे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर लिहायला ट्रस्टींना कितीसा खर्च येणार? हे प्राधिकरण मुलांना मोफत वकील देतं. येत्या जुम्याला नमाजनंतर ट्रस्टींना एवढं विचारून बघा.