वाघ, वळू आणि आपण सारे

गेल्या आठवड्यात नातू पुण्याहून चार दिवसांसाठी नाशिकला आला होता. आला की तो मला एखादा सिनेमा दाखवतो, हे आता ठरूनच गेले आहे. मी त्याला थालीपीठ द्यायचे आणि त्याने मला सिनेमा दाखवायचा. "आजी, आज डोकं बाजूला ठेवून बघायचा सिनेमा लावतो हं," असे म्हणून त्याने 'द हँगओव्हर' नावाचा २००९ सालचा इंग्रजी सिनेमा लावला. मध्ये मध्ये तो रिमोटने काही भाग भरभर पुढे सरकवत होता. का ते मी विचारले नाही. सत्तरी ओलांडली असली तरी सगळे कळते मला!

गोष्ट अगदीच वेडगळ. लग्नाच्या आधी चार मित्र लास व्हेगासला मौज करायला जातात. सकाळी शुद्धीवर येतात तेव्हा नवरदेव बेपत्ता, रात्रीचे काही आठवत नाही आणि हॉटेलच्या न्हाणीघरात एक वाघ! हा वाघ माईक टायसन या मुष्टियोद्ध्याचा, आणि तो यांनीच रात्री चोरून आणलेला. मग मांसाच्या तुकड्यात गोळ्या घालून त्याला गुंगी आणायची, मोटारीत घालायचे आणि परत नेऊन द्यायचे. वाटेत वाघ मोटारीतच जागा होतो! मी इतकी हसले की नातवाने पाणी आणून दिले.

असल्या सिनेमांचे मला वावडे नाही. शाळेत चौतीस वर्षे मराठी शिकवले म्हणून मी फक्त गंभीरच पाहावे असा समज पुष्कळांचा असतो. पण १९८७ साली 'गंमत जंमत' आला तेव्हा आम्ही तो दोनदा पाहिला होता. अशोक सराफ आणि सचिन, दोघे कडके मित्र, श्रीमंताच्या मुलीला पळवून आणतात आणि मग तीच त्यांना सळो की पळो करून सोडते. गुन्हा करायला निघालेले दोन भाबडे जीव हा आपल्याकडेही जुना आणि चालणारा मसाला आहे. त्यात एक जनावर सोडले की झाले.

सिनेमा संपल्यावर नातू म्हणाला, "आजी, आपल्या मराठीत असा आहे का गं कुठला? प्राण्यामुळे सगळ्यांची फजिती होते असा?"

मी म्हटले, "आहे की! 'वळू'."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी 'वळू' पाहिला. २००८ साली तो लागला तेव्हा मी आमच्या ह्यांच्याबरोबर पाहिला होता. आता हे नाहीत. शेजारच्या खुर्चीत नातू होता. असो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उमेश कुलकर्णी यांचा हा पहिला मोठा चित्रपट. गिरीश कुलकर्णींच्या साथीने त्यांनी तो लिहिला. कुसवडे नावाचे गाव आहे. तिथे देवाच्या नावाने सोडलेला एक वळू आहे, त्याला सगळे डुरक्या म्हणतात. गावात काही मोडले, सांडले, बिघडले की नाव डुरक्याचे. शेवटी सरपंच (मोहन आगाशे) वनखात्याच्या अधिकाऱ्याला बोलावून घेतात. हा अधिकारी म्हणजे अतुल कुलकर्णी. जंगली श्वापदे पकडणारा माणूस गावचा बैल पकडायला आला आहे, इथूनच विनोद सुरू होतो. त्याचा भाऊ कॅमेरा घेऊन बरोबर आलेला, सगळ्याची फिल्म काढतोय. कॅमेरा दिसला की गावकरी आपापली बाजू रंगवून सांगायला लागतात.

तसा हा गुन्हेगारीचा सिनेमा नाही. पण या वेळी पाहताना मला तो तसाच वाटला. गावात रोज काहीतरी गुन्हा घडतो आणि आरोपी ठरलेला आहे. तपास कोणीच करत नाही. चोरटे प्रेम करणाऱ्यांना वळू सोयीचा, राजकारण करणाऱ्यांना वळू सोयीचा, आळशालाही वळू सोयीचा. बिचारा डुरक्या मात्र आपला चरतो आहे, हिंडतो आहे, झाडाखाली बसतो आहे! त्याला पकडतात तेव्हा गावाला आनंद होतो, पाहणाऱ्याला होत नाही. माझ्या मते मराठीत विनोदी सिनेमे पुष्कळ झाले, पण जनावराच्या बाजूने उभा राहणारा असा विनोद फार थोड्यांना साधला.

इथपर्यंत सगळे छान होते. नातू झोपायला गेला आणि मला मात्र एक जुनी गोष्ट टोचायला लागली. तीच आज लिहायची आहे.

नाशिककरांना २५ जानेवारी २०१९ हा दिवस आठवत असेल. गंगापूर रोडच्या सावरकरनगर भागात सकाळी बिबट्या शिरला. बंगल्यांच्या आवारातून, भिंतींवरून उड्या मारत तो पळत होता आणि त्याच्या मागे अख्खे शहर. गच्च्यांवर माणसे, झाडांवर माणसे, हातात मोबाइल. त्या धांदलीत एक नगरसेवक आणि दोन पत्रकारही जखमी झाले. शेवटी वनखात्याने त्याला बेशुद्ध करून नेले.

मी त्यानंतर इथेच एक लेख लिहिला होता. अगदी खुसखुशीत! गच्चीवर धोतर सावरत चढलेले काका, बिबट्या बघायला डबा घेऊन आलेल्या मावशी, असे काय काय. तुम्ही सगळ्यांनी भरभरून दाद दिली. अमेरिकेतल्या भाचीने तो तिच्या मैत्रिणींना वाचून दाखवला. मी आठवडाभर हवेत होते.

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो निफाड तालुक्यात शेती करतो. ऊस आणि थोडी द्राक्षे. मळ्यातच घर. आधी तब्येत वगैरे विचारली आणि मग जरा थांबून म्हणाला, "बाई, लेख वाचला. छान लिहिलंय. पण बाई, तुमच्याकडे तो एकदा आला. आमच्याकडे तो राहतो."

मी गप्प.

तो सांगू लागला. त्याच्या अंगणातून बिबट्याने कुत्रा उचलून नेला होता. पाच मिनिटांपूर्वी त्याच जागी त्याची मुलगी भांडी घासत होती. तेव्हापासून बायको संध्याकाळी मुलांना दाराबाहेर सोडत नाही. पण शेताला पाणी द्यायचे तर वीज रात्रीची येते. मग हा हातात बॅटरी आणि काठी घेऊन उसाच्या कडेने जातो. मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो. "गाणं ऐकायला नाही बाई, त्याला कळावं म्हणून," तो म्हणाला.

त्याने रागावून म्हटले असते तर मी वाद घातला असता. तो रागावला नव्हता. वर्गात जसा हळू आवाजात शंका विचारायचा, तसाच बोलत होता. त्यामुळेच ते जास्त लागले.

तर प्रश्न असा की या विषयावर हसावे की नाही?

त्यानंतर मी थोडे वाचले. डॉ. विद्या अत्रेय यांनी या प्राण्यावर अनेक वर्षे काम केले आहे. आपल्या सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात त्यांच्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आढळले. जंगलात नव्हे, शेतमळ्यांत, वस्तीच्या मधोमध! आणि त्यांच्या खाण्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. म्हणजे बिबट्या वाट चुकून येतो हे आपले लाडके वाक्य बऱ्याचदा खोटे असते. त्याला उसात लपायला जागा आहे आणि आपण टाकलेल्या उष्ट्यावर वाढलेली कुत्री आहेत. तो चुकलेला नाही, तो शेजारी आहे.

जुन्नर भागात २००० नंतरच्या काही वर्षांत बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले गेले. त्याने हल्ले कमी होण्याऐवजी वाढल्याचे त्यांच्याच अभ्यासातून पुढे आले. आपली जागा ओळखणारे जनावर अनोळखी मुलखात टाकले तर ते बिथरणारच. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका वयस्कर बिबट्याच्या गळ्यात पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडले. तो चालत चालत सुमारे १२० किलोमीटर पार करून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला! त्याचे नाव 'आजोबा'. २०११ साली महामार्गावर वाहनाची धडक बसून तो गेला. त्याच्यावर सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये 'आजोबा' नावाचाच चित्रपट काढला, ऊर्मिला मातोंडकर त्यात आहे.

आणि त्या इंग्रजी सिनेमातल्या गुंगीच्या गोळ्यांचे म्हणाल, तर भुलीचे इंजेक्शन लागल्यावर जनावर लगेच आडवे होत नाही. काही मिनिटे जातात. आजूबाजूला गलका असेल, जनावर बिथरलेले असेल, तर आणखी वेळ लागतो. म्हणजे सावरकरनगरात गच्चीवर उभे राहून शिट्ट्या मारणारे आपण नुसते प्रेक्षक नव्हतो. आपण त्या सिनेमातली पात्रे होतो, आणि पात्रे म्हणून आपले काम वाईट होते.

हे सगळे कळल्यावर मी काही दिवस ठरवून टाकले होते की या विषयावर विनोद नको. पण तेही मला पटेना. कारण २०२५ च्या डिसेंबरात काय झाले पाहा. नागपूरच्या अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे चक्क बिबट्याचा वेष घालून विधानभवनात आले. टीव्हीवर पाहून मी कपाळावर हात मारला. म्हटले, हा काय पोरखेळ! त्या वर्षीच पुणे जिल्ह्याच्या शिरूर भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली होती. मी लगेच त्या विद्यार्थ्याला फोन लावला. वाटले, तो चिडला असेल.

तो हसत होता! म्हणाला, "बाई, आम्ही सगळे पारावर बसून बघितलं. निवेदनं देऊन थकलो होतो. एक दिवस का होईना, सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं."

म्हणजे हसण्याशी त्याचे भांडण नव्हतेच. हसणारा कुठे उभा आहे, एवढेच त्याला म्हणायचे होते. मी गच्चीवर उभी राहून हसले होते.

'वळू' पुन्हा पाहताना हेच उमगले. तो सिनेमा घाबरलेल्या माणसाला हसत नाही, घाबरण्याचा फायदा उठवणाऱ्याला हसतो. सरपंचाला, पुढाऱ्याला, कॅमेऱ्यापुढे फुशारक्या मारणाऱ्याला. म्हणून तो गावात दाखवला तरी गावकरीही हसतील. माझा २०१९ चा लेख निफाडच्या मळ्यात वाचून कोण हसले असते?

अर्थात 'वळू'चा धडाही सगळा उचलता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. डुरक्या निष्पाप आहे हे म्हणणे सोपे आहे, कारण तो गवत खातो. बिबट्याही निष्पापच, पण त्याच्या निष्पापपणाची किंमत कोणाच्या तरी अंगणात मोजली जाते. शहरात बसून "प्राण्यांना जगू द्या" म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी ते बिल कोणाच्या नावावर फाटते हे एकदा पाहावे. शेताला दिवसा वीज, मळ्यातल्या घरांना बंदिस्त गोठा आणि संडास, गावाबाहेर कचऱ्याचे ढीग नकोत, ही काही वन्यप्राण्यांवरची भाषणे नाहीत. पण बिबट्या आणि माणूस दोघेही यातूनच वाचतील असे मला वाटते. नुसता पिंजरा लावून आणि शेळी बांधून नाही.

नातू जाताना म्हणाला, "आजी, मजा आली. पुढच्या वेळी याहून येडपट सिनेमा आणतो." मी म्हटले, जरूर आण. वेडगळ सिनेमांवर माझा राग नाही. न्हाणीघरात वाघ सोडणारे सिनेमेवाले निदान प्रामाणिक असतात, गाढवपणा माणसांचाच आहे हे ते पहिल्या अर्ध्या तासात सांगून टाकतात. आपल्याला मात्र ते कबूल करायला वेळ लागतो. मला तर पुष्कळ वर्षे लागली.

तो जुना लेख मी काढून टाकलेला नाही. चूक खोडून टाकायची नाही, तिच्याखाली बरोबर उत्तर लिहायचे, असे मी वर्गात मुलांना सांगत असे. तेव्हा हे त्याखालचे उत्तर समजा. त्या विद्यार्थ्याला आज वाचून दाखवणार आहे. संध्याकाळी सहाच्या आत फोन करायला हवा. नंतर तो पाणी भरायला जातो.