नदी शिकवता, पाणवठा का लपवता?



रविवारी गोदीत पाळी नसली की आम्ही दोघं-तिघं वस्तीतल्या समाजमंदिरात पोरांना घेऊन बसतो. सगळी तिसरी-चौथीची. परवा एका पोरीनं घडाघडा म्हणून दाखवलं. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरला, भीमा भीमाशंकरला. सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. राज्याची स्थापना १ मे १९६०. जिल्हे ३६. एक चूक नाही.

मी विचारलं, ‘तुझी आजी गाव सोडून मुंबईला का आली?’

पोरगी गप्प. सगळी पोरं गप्प.

खरं सांगतो, तिच्या वयाचा असताना मीही गप्पच बसलो असतो. मॅट्रिक झालो, गोण्या उचलायला लागलो, तरी कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. आणि हाच तर आपला भूगोल आहे. पोट भरायला माणूस कुठून कुठं गेला, का गेला, आणि वाटेत त्याला पाणी कुणी नाकारलं, याचा भूगोल.

सह्याद्री पुस्तकात आहे. पश्चिमेकडून ढग येतात, डोंगराला अडतात, घाटमाथ्यावर कोसळतात. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून पूर्वेला माण-खटावकडं उतरा, पाऊस ५०० च्या आसपास. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणायचं, दोन मार्क. बरोबर आहे, शिकवा. पण त्या छायेत कोण राहतं, दुष्काळात आधी कोण उठतं, विहीर आटली की शेवटचा हंडा कुणाचा, हे कोण शिकवणार?

आम्ही पोरांना बाबासाहेबांचा प्रवास नकाशावर काढायला लावला. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला. साल १९०१. वय नऊ-दहा वर्षांचं, म्हणजे आपल्या चौथीतल्या पोराएवढं. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. तिथं सरकारनं दुष्काळी काम काढलेलं, तलाव खोदायचं. घरातली पोरं वडिलांकडं निघाली. साताऱ्याहून मसूरपर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी. जात कळली आणि कुणी गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं मोजलं, आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार! डबे भरलेले, पण प्यायला पाणी नाही म्हणून घास उतरेना. टोलनाक्यावर पाणी मागितलं, तिथंही मिळालं नाही. पोरं रात्रभर उपाशी.

आता नीट बघा. पाऊस नाही म्हणून दुष्काळ. दुष्काळ म्हणून तलाव. तलावाचं काम म्हणून बापाची नोकरी. आणि त्या तलावाच्या वाटेवर लेकरं तहानलेली! डोंगर, पाऊस, रेल्वे, मजुरी, जात, सगळं एका धड्यात आलं. पोरांनी मसूर शोधलं, साताऱ्यावर बोट ठेवलं. एकानं विचारलं, ‘दादा, मग पाऊस नाही म्हणून पाणी नव्हतं, की माणसांनी दिलं नाही म्हणून?’ ज्या दिवशी चौथीतलं पोर हा प्रश्न विचारतं, त्या दिवशी त्याला भूगोल कळला असं समजा.

महाड सावित्री नदीच्या काठी, हे पाठ असतं. त्याच महाडात २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांना चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं, तेव्हा कुठं त्यांची माणसात गणती सुरू झाली. नदी शिकवता, तर पाणवठाही शिकवा.

आता इतिहास. वर्षानुवर्षे तिसरीला आपला जिल्हा आणि चौथीला शिवाजी महाराज. महाराजांशी आमचं भांडण नाही. ते शिकवलेच पाहिजेत. भांडण आहे ते त्यांच्याआधी कोरं पान असल्यासारखं वागण्याशी. पोराला वाटतं, महाराष्ट्र सतराव्या शतकात जन्मला.

प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथं १९७४ साली एक भिल्ल माणूस झाडाचं खोड खणत होता. कुदळीला लागलं काय? काशाचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. हजारो वर्षांपूर्वीचं काम. पुरातत्त्वाच्या साहेबांनी तिथं आधीही खणलं होतं, पण हा ठेवा त्यांच्या हाती लागला नव्हता. म्हणजे या राज्याच्या आद्य इतिहासातला हा ठेवा एका भिल्लाच्या कुदळीनं वर काढला. वर्गात रथाचं चित्र दाखवता, कुदळ का दाखवत नाही?

आणि आमची गोदी? मुंबईच्या आधी सोपारा बंदर होतं. आज लोकलनं नालासोपाऱ्याला उतरतो तेच. तिथं १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना स्तूप सापडला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. सोपारा, कल्याण ही नावं जुन्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात, पेरिप्लसमध्ये, आहेत. जहाजं यायची, माल उतरायचा. उतरवणारा कोण? धक्क्यावर पाठ वाकवणाऱ्या माणसाची वंशावळ राजापेक्षा लहान नाही, फक्त कुणी लिहिली नाही.

पण थोडीशी लिहिलेली आहे! जुन्नरची लेणी बघा. तिथल्या ब्राह्मी लेखात बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, धान्य विकणाऱ्यांची आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. धान्यवाल्यांच्या श्रेणीनं भिक्खूंना लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूवाल्यांच्या श्रेणीकडं तर धर्मदायाची ठेव ठेवलेली, तिच्या व्याजावर दान चालायचं. तेच लोक आजचे बुरूड, असा दावा आम्ही करत नाही. पण एवढं तरी पोराला कळू द्या की या मातीत सूप-टोपली विणणाऱ्या हाताकडं लोकांनी विश्वासानं पैसा सोपवला होता. गावकुसाबाहेरची जागा डोंगरासारखी निसर्गानं केलेली नाही. माणसानं केली, आणि जे माणसानं केलं ते माणूस मोडू शकतो. हे सांगायचं नाही म्हणूनच तर जुना इतिहास घाईघाईत उरकला जातो.

मास्तरांना नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. निवडणूक आली, जनगणना आली, मास्तर जुंपला. कित्येक मास्तर आपल्याच घरातले आहेत. त्यांना आपण हात द्यायचा. म्हणून वस्तीवस्तीतल्या तरुणांना सांगणं आहे, मोर्च्याला येता तसे रविवारी दोन तास पोरांसाठी या. प्रत्येक पोरानं आपल्या आजीला चार प्रश्न विचारायचे : गाव कुठलं, नदी कुठली, पाणी कुठून भरायचात, गाव का सोडलं. उत्तर वहीत लिहायचं, आणि नकाशावर गावापासून मुंबईपर्यंत दोरा लावायचा. एखाद्या रविवारी पोरांना लोकलनं सोपाऱ्याला न्या. स्तूपाभोवती बसवा. हात लावू द्या.

आमच्या समाजमंदिरातल्या नकाशावर आता अकरा दोरे आहेत. त्या पोरीचा दोरा खटाव तालुक्यातून निघतो. आजी म्हणाली, ‘पाणी होतं गं विहिरीला. आम्हाला नव्हतं.’

पोरीनं तेच वहीत लिहिलं, जसंच्या तसं. आमच्या लेखी तिला शंभरपैकी शंभर.

जय भीम.