क्लानाड म्हणजे आयुष्य? नाही बुवा.

(पुढे स्पॉयलर आहेत. पाहिली नसेल तर आधी बघून या, मग भांडू.)

तर मंडळी, 'क्लानाड म्हणजे आयुष्य' असं आम्हा चाहत्यांचं एक लाडकं वाक्य आहे. नांदेडला इंजिनिअरिंगला असताना आमच्या खोलीच्या दारावर ते खडूनं लिहिलेलं होतं. लिहिणारा मीच. आज ते पुसायला बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : क्लानाड हे 'की' या जपानी कंपनीनं २००४ साली काढलेलं व्हिज्युअल नॉव्हेल. म्हणजे स्क्रीनवर वाचायची कादंबरी, मध्ये मध्ये पर्याय येतात, आपण निवडू तसा कथेला फाटा फुटतो. त्यावर क्योतो अ‍ॅनिमेशननं २००७ ते २००९ या काळात दोन सीझनची अ‍ॅनिमे केली. दुसरा सीझन 'आफ्टर स्टोरी'. नागिसा बाळंतपणात जाते. बाहेर बर्फ, रस्ते बंद, दवाखाना गाठता येत नाही. नवरा तोमोया कोसळतो आणि पोरीला, उशिओला, सासू-सासऱ्यांकडे टाकून पाच वर्षं नुसता जगत राहतो. मग बाप-लेकीचा तो प्रवास, ते फुलांचं शेत... तो अठरावा भाग मी आजही कोरड्या डोळ्यांनी बघू शकत नाही.

माझ्यासाठी तो बर्फ नव्हता. मी बारावीत असताना पावसाळ्यात माझी चुलत बहीण अशीच गेली. तिचं सासर हिमायतनगरहून पैनगंगेच्या अंगाला, मध्ये नाला. त्या रात्री नाल्याला पूर. वस्तीतली माणसं ट्रॅक्टर घेऊन पाण्याच्या कडेला उभी होती, पण पाणी उतरलं पहाटे. पोरगी वाचली, ताई नाही. दाजींनी पुढं दुसरं लग्न केलं. पोरगी काकूकडं वाढली.

म्हणून क्लानाडचा शेवट मला चिडवतो. उशिओही आजारी पडून जाते, आणि मग एकदम सगळं मागं! नागिसा वाचते, उशिओ आहे, सगळे खुश. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर रोलबॅक मारला आणि लॉगसुद्धा पुसून टाकले.

आता चाहते म्हणतील, तो शेवट फुकट मिळत नाही. बरोबर. गेममध्ये गावातल्या माणसांच्या गोष्टी पूर्ण करत प्रकाशाचे गोळे जमवावे लागतात, ते जमले की चमत्कार. लोकांच्या सुखाचा तो प्रकाश, भल्याची परतफेड. ऐकायला छानच आहे.

पण याची उलटी बाजू कधी बघितली का? भलं केलं की माणूस परत मिळतो, तर ज्यांना मिळाला नाही त्यांनी काय भलं केलं नव्हतं? ताईच्या तेरवीला एक बाई काकूच्या तोंडावर म्हणाली, "तिचं पुण्यच कमी पडलं." क्लानाडचे दिवे आणि त्या बाईचं पुण्य, हिशोब एकच आहे. फक्त एकाला पियानोचं पार्श्वसंगीत आहे. रात्रभर ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसांपैकी कुणाचा दिवा कमी पडला, सांगा ना!

आणि दुसरं. त्या पाच वर्षांत उशिओला कुणी वाढवलं? आजी-आजोबांनी, सानाए आणि अकिओनं. स्वतःची पोर गेलेली असताना. रोलबॅकमध्ये त्यांची ती पाच वर्षंही गेली. दुःख गेलं ते ठीक, पण कष्टही गेले, आणि त्याचं कुणाला काही नाही. त्यापेक्षा 'स्टाइन्स गेट' प्रामाणिक वाटते. तिथंही घड्याळ मागं फिरवतात, पण फेरिसचा बदल उलटवायचा तर तिचा वाचलेला बाप पुन्हा गमवावा लागतो. आणि ते सगळं ओकाबेच्या लक्षात राहतं. बिल येतं, आणि ते भरणारा माणूस दिसतो.

मग क्लानाड सोडून दिली का? नाही हो. पोरीला टाकलेला बाप परत येऊन तिला जवळ घेऊ शकतो, मग जाऊन स्वतःच्या बापाशीही समेट करू शकतो, हे मला तिनंच दाखवलं. ते सगळं चमत्काराच्या आधी घडतं. माझ्यापुरती मालिका तिथंच संपते.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकू अंगणात भाचीची वेणी घालत होती. भाचीनं विचारलं, "मामा, आई कशी होती?" मी सांगत बसलो. काकूचे हात मध्येच थांबले, मग पुन्हा चालू झाले. इतकी वर्षं, रोज सकाळी, शाळेच्या आधी दोन वेण्या. हे कुठल्याही शेवटासाठी पुसायला मी तयार नाही.

असो. तुमचं मत वेगळं असेल तर असू द्या, मला पटायचं नाही.