खेळाडूचा आजार, आमच्या घरचा ‘नाद’

ऑक्टोबर २०२३ मध्ये सांद्रो तोनाली या इटालियन फुटबॉलपटूवर जुगारावरून बंदी आली. इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबकडून तो खेळत होता. बंदी अठरा महिन्यांची. पण त्यातले आठ महिने त्याने उपचार घेऊन आणि लोकांपुढे स्वतःचा अनुभव सांगून भरून काढायचे असे ठरले. त्याच वर्षी मे महिन्यात आयव्हन टोनी या इंग्लिश खेळाडूला आठ महिने बाहेर बसावे लागले. सट्ट्याचे नियम २३२ वेळा मोडल्याचे त्याने कबूल केले होते. त्याला जुगाराचे व्यसन आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याची शिक्षा काहीशी कमी करण्यात आली.

स्त्रियांच्या त्रैमासिकात फुटबॉलपटूंचे काय काम, असे मैत्रिणी विचारतील. काम आहे. या दोघांना शिक्षा देणाऱ्यांनी त्यांना दोषी ठरवले आणि त्याच वेळी त्यांना उपचारांची गरज आहे हेही मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन दारूच्या व्यसनाशेजारीच आहे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र त्याला अजून ‘नाद’च म्हणतात. ‘लागलाय नाद, सुटेल’, ‘जबाबदारी पडली की येईल वळणावर’. जबाबदारी पडते ती बायकोवर.

खेळाडू जुगाराकडे का ओढला जातो, हे समजून घ्यायला हवे. तरुण वयात हातात पैसा, सराव संपल्यावर रिकामा वेळ, खेळ आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतो ही खात्री, आणि हरलो तरी पुढच्या वेळी वसूल करू ही जिद्द. मैदानावर जी जिद्द कामाला येते तीच जुगारात घात करते. आता शहाद्यातला किंवा अक्कलकुव्यातला एखादा तरुण डोळ्यांपुढे आणा. मैदानावरचा पैसा त्याच्याकडे नाही, पण ‘मला क्रिकेट कळतं’ ही खात्री आहे, मोबाइल आहे आणि हंगाम संपल्यावर रिकामा वेळही आहे. मोबाइलवरच्या ‘टीम लावा, पैसे जिंका’ या खेळांनी नेमकी हीच खात्री विकली. विकायला उभे केले ते खेळाडूच.

सचिन तेंडुलकर यांनी तंबाखू आणि दारूच्या जाहिराती कधी केल्या नाहीत. वडिलांना तसा शब्द दिला होता, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. या गोष्टीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात त्यांनी केली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू यांनी त्यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केले. त्याच वर्षी भारतीय संघाच्या जर्सीवर ड्रीम इलेव्हनचे नाव आले. दोष एका माणसाचा नाही. दारू म्हणजे व्यसन आणि जुगार म्हणजे करमणूक, हा फरक आपण सगळ्यांनीच मान्य करून ठेवला होता.

राज्यकर्त्यांनीही तो मान्य केलेला दिसतो. जुलै २०२५ मध्ये त्या वेळचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. तेव्हा ते आमच्या जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला खेळ बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. महिनाअखेरीस त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले! यावर आमच्या बैठकीत बायका खूप हसल्या. हसण्याखेरीज काय करणार?

आमच्याकडे या खेळाचा हिशेब कसा लागतो ते सांगते. ऊसतोडीला जाताना मुकादम ‘उचल’ देतो. ती कोयत्याला मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पैसे मात्र नवऱ्याच्या हातात पडतात. ते मोबाइलवर गेले, तरी कारखान्यावर पहाटे उठून मोळ्या बांधायला आणि डोक्यावरून वाहायला बाईच असते. जो डाव तिने पाहिलाही नाही त्याची फेड ती अंगमेहनतीने करते. बचत गटाच्या कर्जाचेही तेच. अंगठा तिचा, हप्ता तिचा, खेळ त्याचा. दारू प्यायलेला नवरा निदान दिसतो, वास येतो, शेजारणीला कळते. मोबाइलवर हरणारा नवरा शांत बसलेला असतो. घरात कळते तेव्हा पायातले चांदीचे कडे गहाण पडलेले असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला योग्य वाटते. ड्रीम इलेव्हनने पैशांचे खेळ थांबवले, जर्सीवरचे नावही गेले. पण दुकान बंद झाले म्हणून व्यसन बंद होत नाही. नाद लागलेला माणूस परदेशी संकेतस्थळे शोधतो, नाहीतर गावातल्या सट्ट्याच्या चिठ्ठीकडे वळतो. शिवाय जुने कर्ज या कायद्याने एक पैशानेही कमी झालेले नाही.

१९७२-७३ च्या सुमारास याच शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या आदिवासी बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. पुढे राज्यभर बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. मोबाइल फोडून काही होणार नाही, हे आपल्यालाही कळते. पण दारू हा प्रत्येकीच्या नशिबाचा भाग नसून सगळ्या बायकांचा प्रश्न आहे, हे त्या बायकांनी आधी ठरवले आणि मग मडके फोडले. जुगाराबाबत ती पहिली पायरीच अजून बाकी आहे.

म्हणून मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत दारूइतकाच उघडपणे हा विषय घ्या. नवऱ्याने दागिने, घरातल्या वस्तू किंवा बायकोचा पैसा जुगारात घालवणे हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली आर्थिक छळ आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडच्या तक्रारीत तो शब्द लिहून घ्या. उचल देताना बाईसमोर, तिचा वाटा तिच्या हातात द्या, अशी मागणी मुकादमाकडे आणि कारखान्याकडे लावून धरा. व्यसनमुक्तीच्या शिबिरात आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जुगारासाठीही सल्ला मिळालाच पाहिजे. तोवर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक गटाच्या वहीत असू द्या.

करोडो कमावणाऱ्या खेळाडूला हा आजार होतो तेव्हा क्लब, डॉक्टर, वकील त्याच्यामागे उभे राहतात. तसे व्हायलाच हवे. ऊसतोड्याला तोच आजार झाला की त्याच्यामागे फक्त त्याची बायको असते, कोयता घेऊन. तिच्यामागे कोण उभे राहणार, याचे उत्तर आपल्या संघटनांनी द्यायचे आहे.