जॅक म्हणजे टेकू नव्हे

गेल्या श्रावणात आमचा उजवा हात शाबूत राहिला तो आमच्या हुशारीमुळे नव्हे, आत्याबाईंमुळे. पतपेढीचे कर्ज काढून आम्ही एक जुनी मोटार घेतली आहे. सकाळी जव्हारला कचेरीत निघालो तो पुढचे डावे चाक बसलेले. कारकून माणूस पाना घेऊन गाडीपाशी वाकला की आळीतली पोरे जमतात, तशी ती जमली. आम्ही अंगणातच जॅक लावला, चाक उतरवले आणि आत हात घालून ब्रेकला लागलेला चिखल खरवडू लागलो. इतक्यात ओट्यावरून आत्याबाई ओरडल्या, "अरे दादा, हात काढ! ते लोखंड कललं बघ!" हात काढला आणि गाडी धाडकन खाली बसली. पावसाने भिजलेल्या अंगणात जॅकचा पाय एका बाजूने रुतत चालला होता आणि आमच्या ते ध्यानातही नव्हते.

आत्याबाईंचे सारे आयुष्य बैलगाडी पाहण्यात गेले. त्या एवढेच म्हणाल्या, "वंगणाला चाक काढायचं तर आधी टेकू लावतात. तुझा टेकू कुठाय?"

वाचकहो, आम्हाला उत्तर देता आले नाही. जॅकचे काम गाडी उचलण्याचे. उचललेली गाडी धरून ठेवण्याचे काम त्याचे नाही, आणि आपण नेमके तेच त्याच्यावर सोपवतो.

जव्हार-मोखाड्यात हा विषय मोटारवाल्यांच्या हौसेचा नाही. 2021 च्या अखेरीस एस.टी.चा लांबलेला संप झाला तेव्हा खेड्यापाड्यांतली माणसे दवाखान्याला आणि बाजाराला पोहोचली ती बहुतांशी जीपगाड्यांतूनच. अशी एक जीप म्हणजे एका कुटुंबाची चूल. गॅरेजचे पैसे वाचावेत म्हणून घरचे तरुण दारातच चाके बदलतात; मिरगाच्या आधी गुळगुळीत झालेले टायर काढतात, पुढची चाके मागे टाकतात. बदलावीत, आमची ना नाही. पण आपली दारे उताराची, माती पावसात लोण्यासारखी मऊ, आणि सारवलेले अंगण वरून कितीही घट्ट दिसले तरी आतून ओलेच असते.

म्हणून पहिली गोष्ट जागेची. उतारावर जॅक लावूच नये. पंक्चर चाकावर हळूहळू पाचपन्नास हात जावे लागले तरी जावे; टायर फाटला तर फाटला. माती असेल तर जॅकखाली फूटभर लांबरुंद, इंचभर जाडीची फळी हवीच. फरशीचा तुकडा नको, तो तडकतो. हातब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये टाकावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. बहुतेक मोटारींचा हातब्रेक फक्त मागची चाके धरतो. त्यांतले एक उचलले की निम्मा धर गेला. जे चाक उचलायचे त्याच्या तिरकस समोरच्या चाकाला पुढून आणि मागून असे दोन्हीकडे मोठे दगड लावावेत. गाडीत कोणी बसलेले नसावे. पोरांना ओट्यावर बसवावे.

नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, अर्धा आटा. गाडी वर घेतल्यावर पान्याला झटके दिले की ती जॅकवरून घसरते. कोणाकडे जुनी विलीज बनावटीची जीप असेल तर त्याने हेही ध्यानात ठेवावे की तिच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. नट सुटत नाही म्हणून जोर करणारा तिथे तो आणखी आवळतच असतो.

जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात दाखवलेले असते. मोटारीला बहुधा दाराखालच्या पत्र्याच्या कडेला खाचा असतात. चाक निघाले की ते, किंवा स्टेपनी, आडवी करून जॅकशेजारी गाडीखाली सरकवावी. जॅक सुटलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. हाच आत्याबाईंचा टेकू! दोन-तीन चाकांची अदलाबदल करायची असेल तर गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ते लोखंडी स्टँड घ्यावेत. विटांचा थर किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा कधीही नको. तो सूचना न देता फुटतो. आणि टेकू असला तरी नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालू नये.

गंजाने चाक अडकले तर लाथा मारू नयेत. नट हाताने परत लावावेत, सैल ठेवावेत, गाडी खाली घेऊन हातभर पुढेमागे करावी. चाक सुटते.

बसवताना नटाची निमुळती बाजू चाकाकडे. आट्यांना तेल नको. आधी हाताने, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर द्यावा. पान्यावर उभे राहून आवळणारे पैलवान आम्ही पाहिले आहेत. आटे तसेच तुटतात. पन्नास-शंभर किलोमीटर झाले, म्हणजे मोखाड्याहून खोडाळामार्गे कसाऱ्याला जाऊन आलात, की पाना पुन्हा एकदा फिरवून पाहावा. स्टेपनीतली हवाही महिन्याला तपासावी. त्या दिवशी आमची स्टेपनीसुद्धा बसलेलीच निघाली आणि कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा पडली, हे आम्ही घरी अजून सांगितलेले नाही.

आमच्या डिकीत आता आत्याबाईंच्या जुन्या पाटाची फळी असते. पाट परत कधी देणार, असे त्या दर रविवारी विचारतात.