सत्पात्री दान आणि पात्राची घडण

दान सत्पात्री करावे, हे वचन आमच्या घराघरांतून लहानपणापासून कानी पडते. वचन थोर आहे. परंतु सुशिक्षित समाजात त्याचा जो अर्थ आज रूढ झाला आहे, तो आम्हांस घातक वाटतो. देणाऱ्याने घेणाऱ्याची पात्रता पारखून घ्यावी, एवढाच तो अर्थ. पण पात्र काही आकाशातून पडत नाही. ते कुंभाराच्या चाकावर घडते, आव्यात भाजले जाते, आणि मगच पाणी धरते. त्या घडणीसाठी आपण काय वेचले, हा प्रश्न मात्र दाता स्वतःस क्वचितच विचारतो. कच्च्या मडक्यात पाणी ओतावयाचे आणि ते विरघळले की 'पाहा, पात्रच अपात्र निघाले' म्हणून मान हलवावयाची, असा आमच्या परोपकाराचा एकंदर व्यवहार झाला आहे. त्या व्यवहाराविरुद्ध काही स्पष्ट बोलावे, हा या लेखाचा हेतू आहे. या दोषात आम्ही स्वतःही वाटेकरी असल्यामुळे प्रथम आमचीच हकीकत सांगणे योग्य होईल.

काही वर्षांपूर्वी देणग्यांचा विनियोग ठरविणाऱ्या एका समितीवर आम्ही होतो. समितीत निवृत्त अधिकारी होते, डॉक्टर होते, आणि आम्ही प्राध्यापक होतो. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका लहान संस्थेचा अर्ज आमच्यापुढे आला. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात या संस्थेच्या दहाबारा कार्यकर्त्यांनी फार मोलाचे काम केले होते. कोणत्या घरात अंथरुणास खिळलेला म्हातारा आहे, कोणत्या घरात ओली बाळंतीण आहे, हे त्यांस विचारावे लागत नव्हते. त्यांनी धान्य व औषधे मागितली होती. त्याबरोबरच एका हिशेबनिसाचा दोन वर्षांचा पगार आणि कार्यकर्त्यांस पूरप्रसंगीच्या बचावकार्याचे शिक्षण देण्याचा खर्च, एवढेही मागितले होते. आम्ही धान्य व औषधे मंजूर केली आणि शेवटच्या दोन्ही बाबींवर रेघ ओढली. 'देणगीदारांचा पैसा गरजूंच्या मुखी पडावा, कचेरीत मुरू नये,' हे वाक्य त्या बैठकीत आम्हीच उच्चारले, आणि सर्वांनी माना डोलाविल्या.

पुढील वर्षी त्या संस्थेचे हिशेब उशिरा आले व पावत्या अपुऱ्या निघाल्या. निघणारच! दिवसा जो धान्य वाटीत होता, तोच रात्री वही लिहीत होता. समितीने 'हिशेब असमाधानकारक' असा शेरा मारून साहाय्य बंद केले. भाषा शुद्ध असावी म्हणून तो शेरा लिहिण्याचे काम प्राध्यापकाकडे आले होते. त्यानंतर २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. आमचा मदतीचा ट्रक भरून तयार होता. पण तो कोठे उतरवावा, हे विचारावयास त्या गावात आमच्या ओळखीचा एकही माणूस उरला नव्हता. संस्था नावापुरती राहिली होती आणि तिचे कार्यकर्ते पोटापाण्यासाठी पांगले होते. आम्ही वाचविलेला पगार आम्हांस त्या दिवशी फार महाग पडला. आणि त्याची किंमत आम्ही नव्हे, त्या गावाने भरली.

संकटात पहिला हात शेजाऱ्याचाच पोहोचतो, हे कोणत्याही आपत्तीत दिसून येते. सैन्याच्या व सरकारच्या तुकड्या येईपर्यंतचे पहिले काही तास गावाचे स्वतःचे असतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांस बाहेर काढणारी होडी उलटली आणि दहाहून अधिक माणसे बुडाली. त्या होडीत बसविणारे व बसणारे सर्व एकमेकांचे शेजारीच होते. अशा प्रसंगी माणसांची हिंमत कमी पडत नाही. साधने आहेत काय, सराव आहे काय, कोणी किती जणांस चढवावे हे ठरलेले आहे काय, यांवर जीव अवलंबून असतात. या गोष्टी पुराच्या दिवशी ट्रकमधून पाठविता येत नाहीत. त्या कोरड्या दिवसांत, काही वर्षे आधी, सिद्ध कराव्या लागतात. पण कोरड्या दिवसांत देणगी देण्याची आम्हांस आठवणही होत नाही.

यावर आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. स्थानिक संस्थांत संस्थापकाचा मुलगाच चिटणीस होतो, सभेचे इतिवृत्त घरी बसून लिहिले जाते, एकाच जातीचे किंवा एकाच वाड्याचे लोक सर्व जागा अडवून बसतात, हे आम्हीही पाहिले आहे. अशांच्या कचेरीस पैसा द्यावा काय, असा प्रश्न विचारला जातो. आमचे उत्तर असे की, हे दोष पैसा रोखून जात नाहीत. जवळ राहून, वर्षानुवर्षे वागणूक पाहून आणि वेळप्रसंगी कठोर बोलून जातात. भागीदारास कान धरण्याचा अधिकार असतो. नुसत्या दात्यास हात आखडता घेण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि हात आखडला म्हणजे नाठाळ व प्रामाणिक या दोन्ही संस्था सारख्याच मरतात. किंबहुना प्रामाणिक आधी मरते. कारण खोट्या पावत्या करून पगाराची तजवीज करणे तिला जमत नाही.

ही दृष्टी केवळ व्यक्तींची नाही. ती कायद्यांतही उतरली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी बाजूस काढावयास लावले, ही गोष्ट स्तुत्य होती. परंतु त्यानंतर २०१४ साली जे नियम झाले, त्यांत स्वतःच्या माणसांची व काम करणाऱ्या संस्थांची कार्यक्षमता वाढविण्याचा खर्च, कचेरीच्या खर्चासह, एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांत बसवावा अशी अट घातली गेली. शंभरांतील पंचाण्णव कामास आणि काम करणारा माणूस घडविण्यास उरलेल्या पाचांतील काही अंश, असा हा हिशेब होता! पुढे २०२० साली परदेशी देणग्यांसंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली, आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेस देणे बंद झाले. गैरव्यवहार थांबविण्याचा हेतू कोणी नाकारीत नाही. पण शहरातील मोठ्या संस्थेचे बोट धरून चालावयास शिकणारी जी तालुक्याची लहान संस्था असते, तिचे बोट या दुरुस्तीने सुटले, हेही नाकारता येणार नाही.

जगाची रीत याहून निराळी आहे, असा भ्रम वाचकांनी बाळगू नये. २००४ च्या त्सुनामीनंतर देशोदेशींच्या मदतीचे जे संयुक्त मूल्यमापन २००६ साली प्रसिद्ध झाले, त्यात बाहेरून आलेल्या संस्थांनी स्थानिक सामर्थ्याकडे दुर्लक्ष केले व पुष्कळ ठिकाणी त्यास बाजूस सारले, असा स्पष्ट निष्कर्ष होता. २०१६ साली इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदार राष्ट्रांनी व संस्थांनी वचन दिले की, २०२० पर्यंत आपत्तिसाहाय्याचा किमान पंचवीस टक्के पैसा स्थानिक व राष्ट्रीय संस्थांच्या हाती शक्य तितक्या थेट पोहोचवू. २०२० उलटून गेले; थेट पोहोचणारा वाटा काही थोड्या टक्क्यांपलीकडे गेला नाही. वचने मोठी आणि मूठ घट्ट, हा प्रकार केवळ आमच्या समितीतलाच नव्हता.

कोणी म्हणेल की, आता तर प्रशिक्षणाची शिबिरे जिकडेतिकडे भरतात. भरतात खरी. हॉटेलच्या दिवाणखान्यात दोन दिवस पडद्यावर चित्रे दाखविली जातात, प्रत्येकाच्या हाती एक पिशवी व एक प्रमाणपत्र पडते, आणि छायाचित्र काढून मंडळी पांगतात. पूर चढताना कोणत्या ओढ्याचे पाणी आधी उलटे फिरते, हे समोर बसलेल्या बाईस ठाऊक असते आणि शिकविणाऱ्यास नसते. तरी बोलावयाचे त्याने व ऐकावयाचे तिने! यास सामर्थ्यवर्धन म्हणणे आम्हांस मान्य नाही. ज्या सहकार्यात एकाच बाजूस शिकावयाचे असते, ते सहकार्य नव्हे.

खरे सामर्थ्य कसे वाढते, हे पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे काम आरंभिले, तेव्हा त्यांनी गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर असलेल्या, स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून घडविले. ते एका शिबिराने झाले नाही. त्या स्त्रिया पुन:पुन्हा जामखेडास येत, अनुभव सांगत, शिकत आणि परत जात. गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातीलच स्त्रियांस नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ३९ गावांतील त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तेथेही शिक्षणाच्या मागे पर्यवेक्षकाच्या नियमित फेऱ्या होत्या, म्हणजेच आमच्या समितीने ज्या खर्चावर रेघ ओढली असती नेमका तोच खर्च होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आम्हीही तरुण वयात कपड्यांची गाठोडी घेऊन तिकडे गेलो होतो. त्या गाठोड्यांचे पुढे काय झाले, हे आम्हांस माहीत नाही. परंतु पुनर्वसनात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या सहकार्याने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक झाल्या, त्यांनी घरमालकांस त्यांचे हक्क समजावून दिले व बांधकामावर नजर ठेविली, त्याचे काय झाले हे सर्वांस माहीत आहे. २००१ साली कच्छची भूमी हादरली, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडील स्त्रिया तेथील स्त्रियांस आपला अनुभव सांगावयास गेल्या. कालची साहाय्य घेणारी आज साहाय्य करणारी झाली. गाठोड्यांतून हे निष्पन्न होत नाही.

आणि आमच्या पूर्वसूरींस तरी हे तत्त्व कोठे अपरिचित होते? १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या आजीव सभासदांनी माफक वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले. गोखल्यांच्या व कर्व्यांच्या त्यागाची कथा आम्ही मुलांस मोठ्या अभिमानाने सांगतो. ते माफक वेतन नियमित मिळत होते, हा तिचा अर्धा भाग मात्र आम्ही गाळतो. अर्धपोटी कार्यकर्त्याच्या त्यागावर उभी केलेली संस्था एका पिढीच्या उत्साहाबरोबर बसते.

मग सुशिक्षित कुटुंबांनी करावे तरी काय? आमच्या मते तीन गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत. देणगी एकदम मोठी देण्यापेक्षा लहान असली तरी पाच वर्षे सलग द्यावी, म्हणजे संस्थेस माणूस नेमण्याचे धैर्य येईल. तिचा काही भाग अमुक कामासाठी असे न बांधता संस्थेच्या हाती मोकळा ठेवावा. तो हिशेबनिसाच्या पगारास गेला तर वाया गेला असे समजू नये. आणि पैशाबरोबर आपली विद्या द्यावी. आमच्या घरांत सनदी लेखापाल आहेत, अभियंते आहेत, परिचारिका आहेत. वर्षातून चार रविवार त्यांनी एका तालुक्याच्या संस्थेत घालवावेत, शिकवावे, आणि त्याहून अधिक शिकून यावे. निर्णय मात्र तिचे तिलाच घेऊ द्यावेत. ती चुकेल, आम्ही ज्या समितीवर होतो ती समितीही चुकलीच होती.

वडिलांच्या स्मरणार्थ वर्ग बांधून त्यावर संगमरवरी पाटी बसविणारे गृहस्थ आम्हांस आदरणीय आहेत. परंतु यापुढे एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता आपल्या दारी आला, तर 'आमचे नाव कोठे लागेल?' असे विचारण्यापूर्वी 'तुमचे हिशेब कोण लिहितो, आणि त्याचा पगार कोण देतो?' असे वाचकांनी विचारावे. हा प्रश्न आम्ही त्या बैठकीत विचारला असता, तर २०२१ च्या जुलैत ट्रक कोठे उतरवावा, हे आम्हांस सांगणारा कोणी उरला असता.